बाळ सांभाळायचं काम हवंय? मुंबई-ठाण्यात घर शोधण्यापासून पगार ठरवण्यापर्यंत

बाळ सांभाळायला बाई मिळत नाही, ही तक्रार मुंबईच्या प्रत्येक टॉवरमध्ये ऐकू येते. त्याच टॉवरच्या मागच्या वस्तीत, चांगलं घर मिळत नाही म्हणून घरी बसलेल्या बायकाही असतात. दोघींचंही खरं आहे. काम नक्की कोणतं, किती तासांचं, त्यात काय धरायचं आणि काय नाही, हे आधी कुणी बोलतच नाही. मग 'बाळाचं काम' म्हणून गेलेली बाई आठवड्याभरात सगळ्या घराच्या पोळ्या लाटताना दिसते आणि महिना भरायच्या आत दोघी एकमेकींना नावं ठेवत मोकळ्या होतात. म्हणून या लेखात घर शोधण्याबद्दल जेवढं आहे, तेवढंच बोलणी करण्याबद्दलही आहे. डोळ्यासमोर मुंबई-ठाणे आहे. पुण्यात बाणेर, वाकड, खराडीकडेही थोड्याफार फरकाने हेच चालतं.

आधी ठरवा, कोणतं काम झेपेल

बाळ सांभाळणं हे एकच काम नाही. बाळंतिणीचं काम, ज्याला घरांना कामाच्या बायका पुरवणारे ब्युरोवाले जापा म्हणतात, ते बाळ घरी आल्यापासून चाळीस दिवस ते दोन-तीन महिने चालतं. मालिश, आंघोळ, बाळंतिणीचं खाणंपिणं, रात्रीची जागरणं असं सगळं त्यात आलं. पैसे इथे सगळ्यांत जास्त मिळतात. पण काम संपलं की पुढचं मिळेपर्यंत हात रिकामे, आणि तेवढे दिवस स्वतःच्या घरापासून लांब. शिवाय हल्लीचे डॉक्टर बाळाच्या कानानाकात तेल घालू देत नाहीत. धुरी आणि काजळालाही नाही म्हणतात. 'आमच्याकडे असंच करतात' हे तिथे चालत नाही.

दिवसाचं काम, आठ ते बारा तासांचं, सर्वांत जास्त मिळतं. हे घेताना प्रवास मोजा. दिव्याहून किंवा टिटवाळ्याहून पवईला बारा तासांच्या कामाला गेलात तर लोकल, बस, चालणं धरून पंधरा तास घराबाहेर जातात. पहिला महिना उत्साहात निघतो, दुसऱ्या महिन्यात खाडे सुरू होतात. चालत किंवा एका बसने पोहोचता येईल असं घर हजार-दोन हजार कमी देत असलं तरी तेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पवईच्या फिल्टरपाड्यातल्या बाईला जवळचं हिरानंदानी सोडून अंधेरी गाठायचं कारण नाही, आणि घोडबंदर रोडला राहणारीने दादरचं काम शोधू नये.

शाळेत जाणाऱ्या मुलांना बसवरून आणायचं, जेवू घालायचं, संध्याकाळपर्यंत बघायचं, हे अर्ध्या दिवसाचं काम. आडवं येतं ते एकच: तुमची स्वतःची मुलंही त्याच वेळेला शाळेतून येतात. ती कुठे थांबणार, हे आधी बघून ठेवा.

चोवीस तास राहून करायच्या कामात खाणं-राहणं सुटतं आणि पगार जवळजवळ पूर्ण हातात राहतो. पण तास संपत नाहीत. झोपायला कुठे मिळेल, रात्री बाळ उठलं तर कोण बघणार, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, या तीन गोष्टी ठरल्याशिवाय पिशवी घेऊन जाऊ नका.

मागणी कधी असते

संघटित नोकरीतल्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. २०१७ सालच्या दुरुस्तीपासून हे चालू आहे. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे ऑफिसला परत जायची वेळ येते तेव्हा बाळ साधारण चार ते सहा महिन्यांचं असतं, आणि शोधाशोध त्याच्या महिना-दीड महिना आधी सुरू होते. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असावी असंही तोच कायदा म्हणतो. पण सकाळच्या गर्दीत बाळ घेऊन लोकलमध्ये कोण चढणार? त्यामुळे तीन महिन्यांचं बाळ असलेलं घर कळलं की लगेच विचारा. पाच महिन्यांचं झाल्यावर गेलात तर तोवर कुणीतरी लागलेली असते.

दुसरी वेळ मे महिना आणि गणपती. कामावरच्या बायका गावाला जातात आणि घरं पंधरा दिवसांसाठी का होईना, बदली बाई शोधत असतात. नव्याने या कामात येणाऱ्या बाईला शिरकाव करायला याहून सोपी वाट नाही. पंधरा दिवस नीट काम केलंत की त्या इमारतीत तुमचं नाव होतं. फक्त जिची बदली करायला गेलात तिचं काम खाऊ नका. ही गोष्ट वस्तीत आणि टॉवरमध्ये दोन्हीकडे लक्षात राहते.

कागद

आधार, पॅन असेल तर पॅन, बँकेचं पासबुक, चार फोटो आणि आधीच्या दोन घरांचे फोन नंबर, एवढं एका प्लास्टिकच्या पिशवीत तयार ठेवा. झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा: 'फक्त कामाच्या नोंदीसाठी', खाली तारीख. मूळ आधार कुणाकडेही ठेवायचं नाही. मालकीण असो नाहीतर ब्युरो, कुणीच याला अपवाद नाही. घरं पोलीस पडताळणी मागतात, त्याचा राग धरू नका. स्वतःहून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून ठेवलात तर उलट बोलण्यात वजन येतं.

महापालिकेच्या दवाखान्यात एकदा तपासणीही करून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची चाचणी आणि उपचार सरकारी केंद्रात फुकट होतात. तान्ह्या बाळाजवळ जाण्याआधी हे करायलाच हवं.

घर कुठून मिळतं

त्या इमारतीत आधीच काम करणाऱ्या बाईकडून, हे पहिलं उत्तर. स्वयंपाकाच्या मावशींना कुठल्या मजल्यावर कोण गरोदर आहे, कुणाची बाई सोडून चालली आहे, हे सोसायटीच्या सेक्रेटरीच्या आधी कळतं. त्यांना सांगून ठेवा. मोघम 'काम असेल तर सांगा' म्हणू नका. 'सकाळी आठ ते सहा, बाळाचंच काम, याच गल्लीत' असं नेमकं सांगा, म्हणजे लक्षात राहतं. त्यानंतर वॉचमन आणि सोसायटीचं ऑफिस. काही वॉचमन पहिल्या पगारातला हिस्सा मागतात. चहापाण्याचे द्यायचे की नाही ते तुम्ही बघा, पण हिस्सा कबूल करू नका. प्रसूतिगृहातल्या आया आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या मुली यांच्याकडेही नंबर देऊन ठेवा. तिथे विचारणारी घरं खरोखर गरजू असतात.

ब्युरो सगळेच वाईट नसतात. ज्यांची इथे काहीच ओळख नाही त्यांना सुरुवात तिथूनच करावी लागते. पण नाव नोंदवण्याआधी विचारा: कमिशन कोण देणार, घर की मी? एकदाच की दर महिन्याला कापणार? पगार थेट माझ्या खात्यात येईल की तुमच्याकडून? घर पटलं नाही आणि मध्येच सोडलं तर दंड आहे का? उत्तरं टाळली तर उठून या. कागदावर सही घेत असतील तर तो आधी कुणाकडून तरी वाचून घ्या. मराठी कळतं पण छापील इंग्रजी कळत नाही, याचाच फायदा घेतला जातो.

फोनवरच्या ग्रुपमध्ये आणि जाहिरातींमध्ये फसवणूक खूप असते. शेजारच्या घरांपेक्षा दुप्पट पगार, भेटायच्या आधीच नोंदणी फी, किंवा 'पगाराचा अ‍ॅडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा' असं काही आलं की फोन ठेवा. पैसे यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. आखाती देशात बाळ सांभाळायच्या नोकरीच्या भुलीलाही सहज बळी पडू नका. ज्या देशांसाठी सरकारची परवानगी लागते, तिथे घरकामासाठी ३० वर्षांखालच्या बाईला ती मिळत नाही. तिला टुरिस्ट व्हिसावर पाठवतो म्हणणारा दलाल तिला अडकवतो आहे.

भेटायला जाल तेव्हा

साधे स्वच्छ कपडे, कापलेली नखं, बांधलेले केस. बांगड्या कमी घाला, बाळाला टोचतात. उग्र अत्तर नको. बाळ दिसल्या दिसल्या उचलायला जाऊ नका. आधी हात कुठे धुवायचे ते विचारा. बाळाची आई बऱ्याचदा इथेच मनातल्या मनात निर्णय घेऊन टाकते.

विचारतील ते बहुतेक असं असतं:

'मावशी, बाळ खूप रडायला लागलं तर काय कराल?'

'आम्ही मुलं मोठी केलीत की ताई, आम्हाला काय शिकवायचं,' हे उत्तर सगळ्याच देतात आणि त्यातून घराला काहीच कळत नाही. त्याऐवजी: 'आधी लंगोट ओला आहे का बघेन. मग दूध कधी झालं ते. ढेकर राहिली असेल तर खांद्यावर घेईन. अंग गरम लागलं तर थर्मामीटर लावून तुम्हाला फोन करेन. तुम्हाला विचारल्याशिवाय औषधाचा थेंबही देणार नाही.' शेवटचं वाक्य त्यांच्या कानाला फार गोड लागतं. ते म्हणावं, आणि पाळावंही.

पावडरचं दूध बनवून दाखवा म्हणाले तर क्रम चुकवू नका. साबणाने हात धुवायचे, उकळलेली बाटली घ्यायची, डब्यावर लिहिलंय तितकं उकळून घेतलेलं पाणी आधी मोजून ओतायचं, मग त्याच डब्यातला चमचा दाबून न भरता सपाट करून घालायचा. मनगटावर थेंब टाकून बघायचा. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर तासाभरात ओतून टाकायचं, पुढच्या वेळेला ठेवायचं नाही. आईने काढून ठेवलेलं दूध बाहेर चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस राहतं. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणीसुद्धा नाही, वर्षभर मध नाही. तान्ह्या बाळाला उताणं झोपवायचं, तोंडाजवळ उशी-पांघरूण ठेवायचं नाही. शेंगदाणे, फुटाणे, मुरमुरे, अख्खी द्राक्षं लहान मुलाच्या हाती द्यायची नाहीत.

घशात काही अडकलं तर काय करायचं, हे तर कामाला लागायच्या आधी प्रत्यक्ष शिकूनच घ्या. वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, मान धरलेली, आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळव्याने पाच थापट्या मारायच्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबायचं, आणि पुन्हा तेच. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपडायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगायचं. हे वाचून हाताला येत नाही. दवाखान्यातल्या नर्सकडून बाहुलीवर दोनदा करून बघा.

आता तुमची पाळी. बायका इथे गप्प बसतात आणि नंतर महिनाभर कुढतात. घरात कोण कोण असतं? दिवसभर आजी-आजोबा असतात की मी एकटी? बाळाच्या कपड्यांशिवाय आणखी कुणाचे कपडे? स्वयंपाकाला आणि केर-लादीला वेगळी बाई आहे का? ती आली नाही तर ते काम माझ्यावर येणार का? कॅमेरा कुठे कुठे आहे? दुपारचं जेवण तुमच्याकडे की डबा आणायचा? आणि बाथरूम कोणतं वापरायचं? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाज वाटते, पण दहा तासांच्या कामात 'खाली वॉचमनच्या बाथरूमला जा' असं उत्तर असेल तर ते घर नकोच. चौदाव्या मजल्यावर बाळ एकटं टाकून खाली कशी जाणार? कामवाल्यांना वेगळी लिफ्ट ठेवणाऱ्या सोसायट्यांत असले प्रश्न जरा जास्तच विचारून घ्यावेत.

पगाराची बोलणी

दर गल्लीगणिक बदलतो. त्यामुळे त्याच इमारतीतल्या किंवा शेजारच्या तीन बायकांना तास आणि पगार विचारून जा. ब्युरोने सांगितलेला आकडा वर किंवा खाली ओढलेला असतो.

आकडा ठरला की तो तासावर आणा. समजा दहा तासांचे महिना १८,००० ठरले, रविवार सुट्टी. कामाचे दिवस २६. रोजचे झाले साधारण ६९२, तासाचे ६९. (हा बाजारभाव नाही, फक्त हिशेब दाखवायला धरलेला आकडा.) आता मॅडमला मीटिंगमुळे उशीर झाला आणि तुम्ही दीड तास जास्त थांबलात, तर काय मागायचं ते तुम्हाला ठाऊक असतं. दुसऱ्या घराने बारा तासांचे २०,००० देऊ केले तर ते जास्त वाटतात, पण तासाला ६४ च पडतात. जुळं असेल तर दोन बाळं आहेत हे बोलणीतच काढा. नंतर काढलंत तर ऐकायला मिळेल, 'एकीला बघताय तर दुसरीचं काय एवढं?'

मग एक साधा कागद करा. वकील नको, शिक्का नको. वहीचं पान चालतं, दोन प्रती, दोघींच्या सह्या:

'कामाची सुरुवात १ जून. वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ६. काम: बाळाचं खाणं, आंघोळ, झोप, खेळ, बाळाचे कपडे, बाळाची भांडी, बाळाची खोली. मोठ्यांचा स्वयंपाक आणि केर-लादी नाही. पगार दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत बँकेत. रविवार सुट्टी, महिन्याला एक भरपगारी रजा. ६ नंतर थांबल्यास तासाचे ठरलेले जास्त. दिवाळीला एक पगार बोनस. घरचे बाहेरगावी गेल्यास पगार कापायचा नाही. काम सोडताना किंवा बंद करताना दोन्हीकडून १५ दिवस आधी सांगायचं.'

बाहेरगावचं कलम विसरू नका. घर मे महिन्यात तीन आठवडे सिमल्याला जातं आणि तुमचं भाडं मात्र चालूच असतं. वरकाम करायला हरकत नसेल तर तेही करा, पण त्याचे पैसे वेगळे लिहून. 'घरच्यासारखी आहेस' म्हणणाऱ्या घरात हा कागद जास्तच लागतो.

उचल घ्यायची तर कमीत कमी, आणि किती महिन्यांत फेडायची ते याच कागदावर लिहा. मोठी उचल घेतली की घर सोडायची सोय राहत नाही.

दोन-तीन दिवसांची ट्रायल मागतात, ती ठीक आहे. पण तिचे रोजाने पैसे मिळाले पाहिजेत. फुकट ट्रायलवर बायका बदलत बदलत महिना काढणारी घरं आहेत.

पहिले काही आठवडे

एक छोटी वही ठेवा: दूध किती वाजता, किती, शी-शू, झोप, औषध दिलं असल्यास कुणी सांगितलं. लिहायला जमत नसेल तर फोनवर आवाजात पाठवा. संध्याकाळी थकून आलेल्या आईला हे मिळालं की कॅमेऱ्यात डोकवायची तिची निम्मी गरज संपते. बाळाचे फोटो स्वतःच्या स्टेटसला ठेवू नका, मैत्रिणीलाही पाठवू नका. बाळ जागं असताना फोन पर्समध्ये.

आजी एक सांगते, आई दुसरं, हे होणारच. आजीला घुटी द्यायची असते, आईला नको असते. मध्ये पडू नका. 'आजी, ताईंना एकदा विचारून देऊ का?' एवढंच म्हणा आणि खरंच विचारा. बाळ पडलं, लागलं, भाजलं तर लगेच फोन करा, अगदी छोटं टेंगूळ असलं तरी. कॅमेऱ्यातून त्यांना आधी कळलं तर विश्वास परत येत नाही.

नोंदणी

ई-श्रम कार्ड १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांना मोफत मिळतं. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळही आहे. १८ ते ६० वयाच्या बायकांची नोंदणी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात होते, आणि त्यासाठी काम करत असलेल्या घराचा दाखला लागतो. तो पहिल्या दिवाळीच्या आतच मागून घ्या, तेव्हा घर खूश असतं. बँकेत वर्षाला २० रुपये कापून मिळणारा दोन लाखांचा अपघात विमाही चालू करून टाका.

बिनसलं तर

चोरीचा आळ ही या कामातली सगळ्यांत मोठी भीती. रोज निघताना आपली पिशवी स्वतःहून उघडून दाखवायची सवय काही बायका लावून घेतात. मला ते आवडत नाही. त्यापेक्षा दागिने आणि पैसे कपाटात ठेवा, असं पहिल्याच दिवशी सांगावं. आळ आलाच तर घाबरून कुठल्याही कागदावर सही करू नका, नुकसान भरून देते असं कबूल करू नका. घरात कोंडून ठेवायचा अधिकार कुणालाही नाही, तसं झालं तर ११२ लावा. अगदी अपवाद सोडला तर सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील देतं, त्यांचा नंबर १५१००.

घरातल्या पुरुषाने अंगचटीला यायचा प्रयत्न केला तर २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांत करायची. मदतीसाठी १८१ आहे. पगार बुडवला तर एकटीने दारात भांडत बसण्यापेक्षा संघटनेला गाठा. पुण्यात मोलकरणी १९८० मध्ये संपावर गेल्या, त्यातून संघटना उभी राहिली. आज मुंबई आणि पुणे दोन्ही शहरांत अशा संघटना आहेत. बँकेतला पगार आणि तो सहीचा कागद हाच तिथे पुरावा.

सोडताना

मूल शाळेत जाऊ लागलं की हे काम संपतंच. ते कधी संपेल हे तुम्हालाही आधीपासून दिसत असतं, म्हणून दोन महिने आधी पुढचं घर बघायला लागा आणि याच आईला सांगा. तिच्या ऑफिसात, मैत्रिणींत तान्ह्या बाळांची घरं असतात. मुलाला न सांगता अचानक गायब होऊ नका. शेवटचे आठ-दहा दिवस रोज थोडं थोडं सांगत जा. निघताना चार ओळींची चिठ्ठी मागा: किती वर्षं काम केलं, बाळ किती महिन्यांचं होतं तेव्हापासून, कामाची वेळ काय. आणि पुढच्या घराने फोन केला तर बोलाल ना, हे समोरासमोर विचारून घ्या. नवी घरं चिठ्ठी वाचतात, पण काम देतात ते तो फोन झाल्यावर.